पडद्यावरील हडळ आणि गल्लीतील टोनही
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सुपेला येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी भुताखेतांचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. भयपटांतील स्त्री हा विषय आम्ही निवडला, तो केवळ रंजनासाठी नव्हे. ज्या प्रदेशात आपली कुटुंबे पोटापाण्यासाठी येऊन स्थिरावली, तेथे या विषयाचा संबंध जित्याजागत्या बायकांच्या जिवाशी आहे.

प्रथम आपल्या घरच्या भुतांकडे पाहू. आजीने सांगितलेल्या गोष्टी आठवा. पुरुष मेल्यावर भूत होतो तो कशामुळे? मुंज झाली आणि सोडमुंजीपूर्वी गेला तर मुंजा, पुरलेल्या धनात जीव अडकला तर समंध, विद्वान असून अधोगतीला गेला तर ब्रह्मराक्षस. म्हणजे संस्कार, धन आणि विद्या. आणि बाई? बाळंतपणात गेली तर हडळ किंवा अळवंत, सवाष्ण गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट. तिची भूतयोनीसुद्धा ठरायची ती तिच्या कुशीवरून आणि कुंकवावरून! एके काळी बाळंतपणात कितीतरी तरण्याताठ्या मुली दगावत. जिच्यासाठी वेळेवर कोणी धावले नाही, तिच्याविषयी घराच्या मनात राहिलेली बोचच पुढे भीती होऊन पिंपळावर जाऊन बसली असावी, असे आम्हांस वाटते.

चित्रपटाने ही बाई जवळजवळ जशीच्या तशी उचलली. १९४९ साली आलेल्या ‘महल’मध्ये मधुबाला छायेसारखी वावरते, ती अखेर माळ्याची मुलगी निघते. १९५८ च्या बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’त जमीनदाराच्या अत्याचारामुळे प्राणास मुकलेली मुलगी मेल्यानंतरच गुन्हेगाराकडून कबुली वदवून घेते. जिवंतपणी तिचे गाऱ्हाणे ऐकणारे कोणी नव्हते. पुढे रामसे बंधूंचे युग आले. १९८८ च्या ‘वीराना’त बाईचे सौंदर्य हेच संकट ठरले. तिने पुरुषास भुलवायचे, मारायचे, आणि प्रेक्षकाने तिला आधी डोळे भरून पाहावयाचे व मग भ्यावयाचे. ही दुहेरी चैन होती.

अलीकडे मात्र काही दिग्दर्शकांनी निराळी वाट धरली आहे. २००३ च्या ‘भूत’मध्ये ऊर्मिला मातोंडकर यांनी जी झपाटलेली स्त्री उभी केली, तिच्या मागे एका खून झालेल्या बाईचा आक्रोश आहे. २०१७ साली प्रदर्शित झालेल्या विशाल फुरिया यांच्या मराठी ‘लपाछपी’त पूजा सावंत यांची गर्भवती नायिका उसाच्या रानातील एका घरात सापडते, आणि त्या घराचे खरे भय निघते ते मुलींच्या हत्येचे. २०१८ च्या ‘स्त्री’ने तर गंमतच केली. तेथे रात्री घराबाहेर पडण्याची धास्ती पुरुषांना!

या सर्वांतून आम्हांस एक कसोटी सापडते. चित्रपट संपल्यावर भीती कोणाची वाटते, बाईची की तिच्यावर झालेल्या अन्यायाची? पहिली भीती वाटली, तर तो चित्रपट आपल्याला नकळत घरी काही शिकवून गेला, असे समजावे.

आम्ही हे ऐकीव सांगत नाही. कॉलेजात असताना भाड्याने व्हीसीआर आणून आम्हां मित्रमंडळींनी ‘वीराना’ पाहिला. आमच्या गल्लीत एक मराठी आजी एकट्या राहत. विधवा होत्या. संध्याकाळी केस मोकळे सोडून ओट्यावर बसत. दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी एकाने त्यांना ‘टोनही’ म्हटले आणि आम्ही सगळे हसलो. लहान मुलांनी तो शब्द उचलला. काही दिवसांनी आजींनी ओट्यावर बसणे सोडले. कोणी दगड मारला नाही, कोणी हात लावला नाही. परंतु ते हसणे आम्हांस आजही विसरता आलेले नाही.

टोनही म्हणजे चेटकीण, हे येथे कोणास सांगावयास नको. हरेलीच्या अमावास्येला ती सिद्धी साधते, या समजापायी गावोगाव दारांना कडुनिंबाचे डहाळे खोचतात. गंमत पाहा, तीच अमावास्या आपल्याकडे दिव्यांची अवस म्हणून साजरी होते. एकाच रात्री एका घरात समई उजळते आणि दुसऱ्या घरात कोणा एकट्या म्हातारीकडे संशयाने पाहिले जाते. मूल आजारी पडले, गाय आटली, की बोट वळते ते बहुधा अशा बाईकडे, जिच्या पाठीशी कोणी नाही किंवा जिच्या नावावर थोडी जमीन आहे. म्हणूनच छत्तीसगढ शासनाला २००५ साली टोनही प्रताडना निवारण अधिनियम करावा लागला. कोणास टोनही ठरविल्यास तीन वर्षांपर्यंत आणि त्यावरून छळल्यास पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावासाची तरतूद त्यात आहे. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यानंतर. या बाबतीत आपली कर्मभूमी आपल्या मायभूमीच्या आठ वर्षे पुढे होती, हे नम्रपणे मान्य केले पाहिजे.

पण कायदा दाराबाहेर थांबतो. दाराच्या आतले आपणच पाहावयाचे असते. आपल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या त्या आजींना कधी बोलावणे गेल्याचे आम्हांस स्मरत नाही. जिला जिवंतपणी ओटी नाही, तिलाच मेल्यावर लावसट म्हणावयाचे, ही एकाच धाग्याची दोन टोके आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक खेडे हे करू शकते, तर पन्नास वर्षांचे आपले मंडळ का करू शकणार नाही?

तेव्हा आमची एवढीच विनंती आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या हळदीकुंकवाचे बोलावणे मंडळाने प्रत्येक घरी, प्रत्येक स्त्रीस द्यावे. ती सवाष्ण आहे की नाही, हे विचारू नये. भयपट खुशाल पाहावेत. मुलांनाही दाखवावेत. मात्र ते संपल्यावर त्यांच्याजवळ बसून एक प्रश्न जरूर विचारावा: या बाईचे नेमके काय झाले होते? त्या आजींविषयी तो प्रश्न आम्हांस कोणी विचारला असता, तर कदाचित त्या ओट्यावर बसत राहिल्या असत्या.