पत्र कुणाकुणाला गेलं?
(वार्षिक सभेत चिटणिसांनी केलेले भाषण)



हिशेब मांडण्याआधी मला एक चूक कबूल करायची आहे. गेल्या वर्षी वर्गणी राहिलेल्या 17 सभासदांना मी आठवणीचा ई-मेल पाठवला. मजकूर सौम्य होता, कुणाचं नाव नव्हतं, रक्कम नव्हती. पण सतराही पत्ते मी 'टू'च्या रकान्यात टाकले होते. म्हणजे कुणाकुणाची वर्गणी थकली आहे, हे सतराही घरांना कळलं. दुसऱ्या दिवशी एक काका घरी आले, पैसे ठेवले आणि म्हणाले, "हिच्या दवाखान्यात खर्च झाला, म्हणून राहून गेलं. पण चारचौघांत कशाला?" त्या वर्षी ते आरतीला आले नाहीत.

तेव्हा मला उमगलं, पत्रातला मजकूर खासगी असतोच. पण पत्र कुणाकुणाला गेलं, हेही खासगी असू शकतं.

2015 साली लंडनमधल्या '56 डीन स्ट्रीट' या दवाखान्याकडून हेच घडलं. एचआयव्हीसंबंधीच्या सेवेचं वार्तापत्र पाठवताना 781 जणांचे पत्ते उघडे राहिले. त्यांतल्या 730 पत्त्यांत पूर्ण नावं होती. चालवणाऱ्या संस्थेला पुढच्या वर्षी 1 लाख 80 हजार पौंड दंड झाला. कुणाचा वाईट हेतू नव्हता, फक्त रकाना चुकला होता.

योग्य रकाना म्हणजे 'बीसीसी', ब्लाइंड कार्बन कॉपी. टाइपरायटर आणि कार्बन पेपरच्या काळातलं हे नाव. या रकान्यातले पत्ते इतरांना दिसत नाहीत. 'सीसी'तले मात्र सगळ्यांना दिसतात. बीसीसीचा आणखी एक फायदा: कुणी 'रिप्लाय ऑल' दाबलं, तरी ते उत्तर या रकान्यातल्या बाकीच्यांकडे जात नाही.

म्हणून कार्यकारिणीने यंदापासून चार नियम केले आहेत. सर्वांसाठीच्या पत्रात 'टू'मध्ये मंडळाचाच पत्ता आणि सभासद 'बीसीसी'त. वर्गणीची आठवण प्रत्येकाला वेगळी, शक्यतो फोनवर. फोन नंबर आणि जन्मतारखा असलेली यादी कुठल्याही ई-मेलला जोडायची नाही. आणि आलेला मेल पुढे पाठवताना खालचे जुने पत्ते आधी पुसायचे.

पाठवण्यापूर्वी पत्त्यांवरून एकदा नजर फिरवा. जीमेलमध्ये पाठवलेला मेल थांबवायला फार तर 30 सेकंद मिळतात. त्यानंतर माफी मागता येते, मेल परत घेता येत नाही.

आपण मंडळाला आपला पत्ता देतो तो विश्वासाने, शेजारच्या घरी किल्ली ठेवावी तसा. ती किल्ली सांभाळणं हे माझं काम होतं, मी चुकलो. त्या सतराही घरांची मी आज सर्वांसमोर क्षमा मागतो. काका यंदा आरतीला येणार आहेत, मी स्वतः बोलावून आलो आहे.

गणपती बाप्पा मोरया!