हळदीवर किती भार टाकायचा?

‘हळदीने शरीरातले विष उतरते का हो?’ मी जीवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आज शिशाचे उदाहरण घेऊन उत्तर देते.

शिसे कॅल्शियमचे सोंग घेऊन शरीरात शिरते. हाडांत साठते, लहान मुलांच्या वाढत्या मेंदूपर्यंत पोहोचते. रक्तासाठी लागणारे हीम तयार करणारी विकरे ते बंद पाडते. पेशीचा राखणदार असलेले ग्लुटाथायोन कमी पडू लागते आणि ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू पेशीच्या आवरणाला इजा करतात.

हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन इथे दोन कामे करते. ते या रेणूंना निष्प्रभ करते आणि धातूलाही धरून ठेवू शकते. शिसे दिलेल्या उंदरांना कर्क्युमिन दिल्यावर मेंदूची हानी कमी झालेली प्रयोगांत दिसली आहे.

माणसाचे काय? हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्के असते आणि आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी त्याच्या जोडीला मिऱ्यातले पिपेरीन दिले, तेव्हा शोषण सुमारे वीस पटींनी वाढले. पण तिथे मात्रा दोन ग्रॅम कर्क्युमिनची होती, म्हणजे साठ-पासष्ट ग्रॅम हळद! आपल्या भाजीत पडते चिमूटभर.

दुर्दैव असे, की कधी कधी शिसे हळदीतूनच येते. हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट चोळतात. बांगलादेशातल्या खेड्यांमधील गर्भवतींच्या रक्तातल्या शिशाचा माग अशा हळदीपर्यंत लागला. तिथल्या बाजारातले ४७ टक्के नमुने २०१९ मध्ये भेसळीचे निघाले. सरकारने व्यापाऱ्यांना दंड केला, लोकांना सावध केले, आणि २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. आपल्याकडे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटण्याच्या हळदीतही शिसे आढळले.

शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून मुळावरच घाव घालायला हवा. अवाजवी झगझगीत हळकुंडे घेऊ नका. मुलांच्या जेवणात नाचणी, पालेभाज्या, डाळी असू द्या. लोह आणि कॅल्शियम कमी पडले की शिसे अधिक शोषले जाते. शंका आली तर रक्ताची तपासणी करून घ्या आणि उपचार डॉक्टरांवर सोपवा. हळदीचे दूध जरूर प्या, पण त्या उपचाराच्या जागी नको.