आईला विचारायचं राहून गेलं

(स्त्रियांच्या जमीनहक्कावरील शिबिरात केलेलं भाषण)



कालपासून आपण सातबारा, वारसनोंद, हक्कसोड यांवर बोलतो आहोत. आज कायद्याची माहिती मी द्यायची असं ठरलं आहे. ती देईनच, पण आधी माझ्या आईविषयी बोलू द्या. तीन वर्षांपूर्वी ती गेली. गावोगावच्या बैठकांत मी तिचं नाव बऱ्याचदा घेते, पण एक गोष्ट मात्र आजवर टाळत आले. ती आज सांगते.

आमचं गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला. खरिपात बाजरी, रब्बीत शाळू, आणि पावसाचा भरवसा कधीच नाही. आई १९७१ साली लग्न होऊन आली आणि पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. ‘नव्या नवरीला चुलीआधी खडी दावली,’ असं ती हसून सांगायची. सरकारी कामावर दगड फोडायचे, तिथली सुकडी खायची. पुढे रोजगार हमीच्या कामावरही ती वर्षानुवर्षं गेली. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ता. माझ्या दोन थोरल्या बहिणी त्या मातीच्या ढिगाशेजारी झोळीत वाढल्या. हजेरीपत्रकावर अंगठा आईचा असायचा, पगार वडील मोजून घ्यायचे. त्याच पैशातून आमची विहीर खोल झाली. विहिरीची नोंद अर्थातच वडिलांच्या नावे.

आम्ही सहा बहिणी, दोन भाऊ. मी बहिणींत शेवटची. शिवाय आजी, चुलते, चुलती, त्यांची मुलं. पहाटे चारला आई उठायची. मी लहानपणी एकदा मोजल्या होत्या, सकाळच्या चाळीस भाकरी. तोवर गावात पिठाची गिरणी आली होती, नाहीतर त्याआधी दळणही असायचंच. मग पाणी, शेण, गुरं, आणि भाकरीचं टोपलं घेऊन रानात. वडील वाईट नव्हते. मारझोड त्यांनी कधी केली नाही. पण तांब्याभर पाणी स्वतः घेऊन प्यालेले मला आठवत नाहीत. आपल्या बैठकीत नवऱ्याच्या मारहाणीवर बोलायला शब्द सापडतात. अशा चांगल्या माणसाविषयी काय बोलावं ते आम्हा बहिणींना अजून कळत नाही.

एम.एस.डब्ल्यू. करत असताना क्षेत्रकार्यासाठी कुटुंबपाहणीचा फॉर्म होता. सरावासाठी पहिला फॉर्म मी घरचाच भरला. आईच्या व्यवसायाचा रकाना आला तेव्हा ती नुकतीच खुरपून आली होती, हातापायाला माती होती. म्हणाली, ‘लिही की, घरकाम.’ आणि मी लिहिलं! १९९१ च्या जनगणनेत घरच्या शेतावरचं बिनमोबदला काम धरावं असे शब्द प्रश्नातच घातले गेले, ते कशासाठी, हे मी परीक्षेत लिहून आले होते. सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषाचा ९७. हे आकडे आता मी पोस्टरवर लिहिते. आईच्या फॉर्मवर मात्र माझ्याच अक्षरात घरकाम आहे.

आता तिच्या देवाविषयी. चळवळीत आल्यावर आईच्या देवधर्मावर बोलताना मी अवघडायचे. ती माळकरी होती. एकादशी चुकवायची नाही, संध्याकाळी चूल पेटवता पेटवता हरिपाठ म्हणायची. अक्षरओळख नसताना सगळा पाठ होता. आजी थकल्यावर आषाढीची वारी आईकडे आली. गावच्या दिंडीबरोबर म्हसवड, पिलीव करत पंढरपूर, चार-पाच मुक्काम. येताना एस.टी. म्हणजे जेमतेम आठवडाभर. तेवढे दिवस तिला कुणी हाक मारायचं नाही. बाजरीची पेरणी उरकायची म्हणून आधीचे पंधरा दिवस ती दुप्पट राबायची. आणि परत आली की तिचा चेहरा वेगळाच दिसायचा, आवाजसुद्धा मोकळा झालेला असायचा.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ती वारीला गेली की भाकरी कोण थापायचं? आम्ही मुली. मी आठ वर्षांची असल्यापासून. भाऊ मोठे होते तरी तव्याजवळ आले नाहीत. मला त्या विठोबाचा फार राग यायचा. एकदा मी तसं म्हणाले तेव्हा आई म्हणाली, ‘जनाबाईला द्येव दळू लागला. आमच्या घरचं मानूस उठलं असतं तर द्येवाला कशाला तरास दिला असता?’ हे ती भक्तीनं म्हणाली की टोमणा मारला, हे मला आजही सांगता येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना मला सारखा तिचा तोच स्वर ऐकू येतो. बाई देवाशी बोलते आहे असं वाटतं आणि ऐकणारा असतो जवळच ओसरीवर बसलेला.

वडील २०१३ साली गेले. वारस म्हणून आईचं, भावांचं आणि आम्हा सहा बहिणींचं नाव लागलं. कायदा तुम्हाला माहीत आहे. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क मिळाला, आणि विधवेचा वाटा तर त्याआधीपासून आहे. वर्षभरात भावांनी हक्कसोडीचा विषय काढला. विहिरीवर कर्ज काढायचं होतं, सगळ्यांच्या सह्या कुठे गोळा करत बसायचं, असं त्यांचं म्हणणं. आदल्या रात्री आईनं आम्हाला बसवलं. म्हणाली, ‘पोरींनो, सह्या करा. भाऊ तुटला तर म्हायेर तुटंल. मी हाय तवर हाय, म्होरं तुमाला कोन?’

मी तेव्हा दोन वर्षं संस्थेत काम करत होते. त्याच महिन्यात एका गावात मी बायांना सांगितलं होतं की हक्कसोडीवर सही करण्याआधी दहा वेळा विचार करा. आणि दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेले, पाच बहिणींच्या मागे रांगेत उभी राहिले आणि सही केली. ही ती गोष्ट.

सगळ्यात शेवटी आईची पाळी आली. तीही हक्क सोडत होती. कारकुनानं शाईचा पॅड पुढे केला तर तिनं तो बाजूला सारला. नव्वदच्या दशकात साक्षरता अभियानाच्या वर्गाला ती कंदील घेऊन जायची, तिथे सही शिकली होती. पेन मागून घेतलं आणि एकेक अक्षर जोडत पूर्ण नाव लिहिलं. कारकून म्हणाला, ‘मावशी, लई झ्याक.’ आम्हा बहिणींना साडीचोळी झाली. आईलासुद्धा.

त्यानंतर मी स्वतःची समजूत घालत राहिले. आईचीच इच्छा होती, ती भाविक बाई, तिला जमिनीची हाव नव्हती, मायेपोटी सोडलं. तिच्या दहाव्याला कीर्तनकार बुवांनीही हेच सांगितलं. तिनं स्वतःसाठी काही मागितलं नाही, म्हणाले. माना डोलल्या. माझीही डोलली.

गेल्या वर्षी थोरल्या बहिणीकडे गेले होते. आईच्या शेवटच्या वारीला ती सोबत होती. बोलता बोलता हक्कसोडीचा विषय निघाला आणि मी नेहमीचं वाक्य बोलले, आईचीच इच्छा होती. बहीण भाकरी थापत होती, थांबली. म्हणाली, ‘तुला कुणी सांगितलं?’ मग तिनं सांगितलं. पिलीवच्या मुक्कामाला पाय चेपून घेताना आई म्हणाली होती की विहिरीकडचे दोन गुंठे तरी आपल्या नावावर राहायला हवे होते. त्या बांधावर तुळशीवृंदावन बांधायचं तिच्या मनात होतं, स्वतःच्या जमिनीत. मी विचारलं, मग तिनं तेव्हा सांगितलं का नाही? बहीण म्हणाली, ‘तिला कुणी इचारलं? तू तर फारम भरत हिंडत हुतीस.’

त्या क्षेत्रकार्यात मी चाळीस बायांना विचारलं होतं, जमीन तुमच्या नावावर असावी असं वाटतं का. चाळीस फॉर्म जमा केले. सराव म्हणून भरलेला घरचा फॉर्म त्यात धरायचा नव्हता, म्हणून तो प्रश्न आईला न विचारताच मी तो मिटून ठेवला होता.

विहीर अजून आहे. थोरल्या भावाशी मी या दिवाळीत बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, वृंदावन बांधू की, त्यात काय. दोन गुंठ्यांचं मी पुन्हा विचारणार आहे. आता फळ्याकडे वळू या. ज्यांनी सातबाऱ्याचा उतारा आणला आहे त्यांनी तो हातात घ्या.