नैर्ऋत्य चीनचा प्रवास आणि एक वगळलेला मुक्काम

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी आम्हांस प्रवासवर्णन सांगण्याची विनंती केली तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला होता. चीनच्या नैर्ऋत्येकडील युन्नान प्रांत आणि त्याला लागून असलेला तिबेटी पठाराचा भाग आम्ही पाहिला तो २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस. पुढे २०२० मध्ये हिंदुस्थान व चीन यांमधील थेट विमाने बंद पडली आणि तो विषयही मागे पडला. परंतु २०२५ च्या ऑक्टोबरात ती विमाने पुन्हा सुरू झाल्यापासून मंडळातील निदान चार कुटुंबांनी आमच्याकडे चौकशी केली, की आम्हीही आठदहा जण जमवून जावे म्हणतो, आपला अनुभव सांगा. जी मंडळी जाऊ इच्छितात त्यांना केवळ रम्य देखावे सांगून वाटेला लावणे बरे नव्हे, असे आम्हां उभयतांस वाटले. त्या प्रवासात आमच्या हातून एक चूक घडली आहे. ती आजवर चारचौघांत सांगितलेली नाही. जिची झळ ज्यांना लागली ते आमचे ज्येष्ठ स्नेही आज याच सभागृहात बसले आहेत, आणि त्यांच्या संमतीनेच आम्ही बोलत आहो.

आम्ही एकंदर नऊ जण होतो. पाच जण आपल्या ज्ञातीतील, चौघे शेजारचे स्नेही. सर्वांत लहान सभासद चाळिशीचा, सर्वांत ज्येष्ठ एकाहत्तर वर्षांचे. लहान तुकडी, एक स्थानिक मार्गदर्शक आणि एक छोटी मोटारगाडी, अशी योजना होती. मोठ्या मेळ्याबरोबर धावपळ करण्यापेक्षा हा प्रकार आम्हांस पसंत पडला. प्रवासाचा आराखडा आखण्याचे, पैसे गोळा करण्याचे व पत्रव्यवहाराचे काम आम्हांकडे आले, आणि ते आम्ही मोठ्या उत्साहाने पत्करले.

प्रथम त्या प्रदेशाची ठेवण ध्यानात घ्यावयास हवी. युन्नानची राजधानी कुन्मिंग हीच मुळी सुमारे १,८९० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंच. तेथून वायव्येस जावे तसतशी भूमी पायरीपायरीने चढत जाते. दाली सुमारे २,००० मीटर, लीजियांग २,४००, आणि शांग्री-ला सुमारे ३,३०० मीटर. त्यापलीकडे देचिनच्या वाटेवरील खिंड ४,००० मीटरांहून उंच. नकाशावर ही गावे एकमेकांजवळ दिसतात. परंतु या भागात अंतर मैलांनी मोजावयाचे नसून उंचीने मोजावयाचे असते. हे ज्ञान आम्हांस पुस्तकातून झाले होते. ते अंगी उतरले मात्र फार उशिरा.

त्या काळी कलकत्त्याहून कुन्मिंगला थेट विमान जात असे. जेमतेम अडीच तासांत आपण परक्या जगात उतरतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, आसामातून निघून हिमालयाच्या पूर्वेकडील रांगा ओलांडणारी मालवाहू विमाने याच शहरी उतरत, ही गोष्ट आमच्या मार्गदर्शक मुलीने पहिल्याच सायंकाळी सांगितली. ही मुलगी लीजियांगची, नाशी समाजातली. इंग्रजी उत्तम, बोलणे थोडके.

दाली येथे आम्ही दोन रात्री राहिलो. एका बाजूस त्सांगशान पर्वताची रांग, दुसऱ्या बाजूस अरहाई सरोवर, आणि मध्ये बाई समाजाची पांढऱ्या भिंतींची गावे. नवव्या शतकातील, नानझाव राज्याच्या वेळचा तेथील मुख्य मनोरा सुमारे ६९ मीटर उंच आहे. बायकांनी सांगावे असे विशेष म्हणजे हे बाई लोक दुधाचे पदार्थ करतात. चीनमध्ये अन्यत्र ही चाल फारशी आढळत नाही. शेळीच्या दुधाचे पनीर तव्यावर परतलेले मिळाले, तेव्हा आमच्यातील शाकाहारी मंडळींचे चेहरे खुलले. "वो ची सू", म्हणजे "मी शाकाहारी आहे", एवढे चिनी वाक्य प्रत्येकाने पाठ करूनच निघावे.

याच प्रदेशातून पूर्वी चहा आणि घोडे यांचा व्यापार चाले. युन्नानच्या दक्षिणेकडील चहा दाबून त्याच्या वाटोळ्या चकत्या करीत व खेचरांच्या पाठीवर लादून दाली, लीजियांगमार्गे ल्हासापर्यंत नेत. तिकडून घोडे येत. आजही ही चकती ३५७ ग्रॅमांची व सात चकत्यांचा एक गठ्ठा, असा प्रघात आहे. महायुद्धात ब्रह्मदेशाचा मार्ग तुटला तेव्हा हेच तांडे ल्हासावरून थेट आपल्या कालिंपाँगपर्यंत ये-जा करू लागले. हे तांडे एका दिवसात किती चालत, असे आम्ही विचारले. "जेवढे खेचरांना झेपेल तेवढे," असे त्या मुलीने उत्तर दिले. आम्ही हसलो. त्या उत्तराचा अर्थ पुढे कळला.

आता चुकीची हकीकत सांगतो. मूळ आराखड्यात दालीनंतर लीजियांगला दोन रात्री व शांग्री-ला येथे दोन रात्री होत्या. नोकरीतील मंडळींची रजा पुरेना, आणि दरडोई खर्चही थोडा कमी व्हावा अशी दोघातिघांची इच्छा होती. म्हणून लीजियांगचा मुक्काम परतीच्या वाटेवर ढकलून आम्ही दालीहून एका दिवसात थेट शांग्री-ला गाठण्याचे ठरविले, आणि तेथील एक रात्रही काढून टाकली. मार्गदर्शक मुलीने पत्रातून दोनदा विनविले होते, की लीजियांगची रात्र कमी करू नये. "आमची मंडळी सह्याद्रीतील गड चढलेली आहेत, काळजी नसावी," असे आम्ही तिला लिहिले. ते पत्र आजही आमच्यापाशी आहे.

दालीहून निघालेला तो दिवस सुंदर होता, हे नाकबूल करून चालणार नाही. ५,५९६ मीटर उंचीचा युलोंग हिमपर्वत आणि समोरचा हाबा पर्वत यांच्या मधल्या अरुंद घळईतून जिन्शा नदी, म्हणजे पुढची यांगत्झे, घोंगावत जाते. याच परिसरात जिन्शा, लानत्सांग व नूजियांग या तीन महानद्या जवळजवळ समांतर वाहतात. त्यांची दरी काही ठिकाणी ३,००० मीटर खोल आहे. पुढे पहिली शांघायपाशी समुद्रास मिळते, दुसरी मेकाँग होऊन व्हिएतनामात, तिसरी साल्वीन होऊन ब्रह्मदेशात. २००३ साली या प्रदेशास जागतिक वारशाचा मान मिळाला. एका कुशीतून निघालेल्या लेकी इतक्या दूर नांदावयास गेल्या, असे आमच्या एका भगिनीने म्हटले.

सायंकाळी शांग्री-ला येथे पोचलो. या गावाचे जुने नाव झोंगदियेन. जेम्स हिल्टन यांच्या १९३३ सालच्या कादंबरीतील कल्पित स्थळाचे नाव त्याला २००१ साली देण्यात आले. तेथून तिबेटी जग सुरू होते: जवाची सुकत घातलेली लाकडी मांडवे, चरणारे याक, वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताका. रात्री भाजलेल्या जवाचे पीठ व लोण्याचा खारा चहा पुढे आला. पीठ तोंडात घालताच सर्वांनी एकदम म्हटले, "अहो, हे तर सातूचे पीठ!"

आमचे ज्येष्ठ स्नेही मात्र जेवले नाहीत. प्रवासाने दमलो एवढेच म्हणाले. डोके दुखत होते, मळमळत होते, रात्रभर ते उशाशी टेकून बसून होते. परंतु वहिनींना त्यांनी शपथ घातली, की कोणास सांगू नये. सकाळी सोंगझानलिन मठाच्या पायऱ्यांवर ते दोनदा थांबले. हा मठ १६७९ साली, पाचव्या दलाई लामांच्या काळात स्थापन झालेला. सारे वर सोनेरी छपरांकडे पाहत होते. मार्गदर्शक मुलगी मात्र त्यांच्या पावलांकडे पाहत होती. तिने त्यांना फरशीच्या रेघेवरून, टाचेला अंगठा लावीत, दहा पावले चालावयास सांगितले. चौथ्या पावलास त्यांचा तोल गेला.

"आता खाली," एवढेच ती म्हणाली.

गावातील रुग्णालयात त्यांना प्राणवायू व औषध दिले. तपासणारे डॉक्टर वृद्ध होते. आम्ही कोठले हे कळल्यावर त्यांनी कागदावर तीन अक्षरे लिहिली. मुलीने ती वाचली: "के दीहुआ". सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे हे चिनी नाव. १९३८ साली पाच हिंदी डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, उत्तर चीनमध्ये त्यांचे निधन झाले. या डोंगरांत ते कधी आले नव्हते. तरी त्या क्षणी त्यांच्या नावाने आम्हांस धीर आला.

यानंतरचा अर्धा तास आम्ही विसरू शकत नाही. रुग्णालयाच्या अंगणात आम्ही सारे उभे होतो. पुढचा टप्पा देचिनचा. ६,७४० मीटर उंचीच्या कावागेबो शिखराचे दर्शन हाच या प्रवासाचा कळस होता. मार्गदर्शक एक, गाडी एक. एका सभासदाने स्पष्टच म्हटले, "इतका खर्च करून येथूनच परतावयाचे काय?" त्यांचा राग गैर नव्हता, तो आमच्या आराखड्यावर हवा होता, रुग्णावर नव्हे. अखेर आम्हीच निर्णय सांगितला: आम्ही उभयता, वहिनी व रुग्ण, मुलीसह भाड्याच्या मोटारीने लीजियांगला उतरू, उरलेल्या पाच जणांनी शांग्री-लातच थांबावे, आणि ती परत आल्यावर पुढे जावे. म्हणजे जी रात्र आम्ही काटकसरीने वगळली होती, ती त्यांना तेथे काढावीच लागली.

चार तासांच्या उतरणीत वहिनी एक शब्दही बोलल्या नाहीत. लीजियांगच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासले. रात्रीपर्यंत डोकेदुखी ओसरली. मुलीची आई घरून तांदळाची पेज घेऊन आली. आपल्या कोकणात आजाऱ्यास देतात तशीच, मऊ व बेताच्या मिठाची. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे स्नेही चहा मागू लागले, आणि सायंकाळी पाटाच्या पाण्याकाठच्या त्या जुन्या गल्ल्यांतून चालले. एका पुलावर थांबून ते म्हणाले, "मी बोललो असतो तर तुमच्या सर्वांचा प्रवास मोडला असता, म्हणून गप्प राहिलो." आम्ही म्हणालो, "आपण बोलावे लागू नये असाच आराखडा आम्ही करावयास हवा होता." यावर दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

उरलेली मंडळी देचिनला जाऊन आली. त्यांनी पहाटे कावागेबो लख्ख पाहिले. तिबेटी लोक त्या पर्वतास दैवत मानतात व त्यास प्रदक्षिणा घालतात. त्यावर चढण्यास स्थानिकांचा विरोध असता १९९१ च्या जानेवारीत चिनी व जपानी गिर्यारोहकांचे सतरा जण हिमलोटाखाली गाडले गेले. २००१ मध्ये चढाईस बंदी झाली, आणि ते शिखर आजही अजिंक्य आहे. आम्ही मात्र ते पाहिले नाही. आमच्यापाशी त्याचे छायाचित्र आहे, आणि ते काढणारे तेच सभासद, जे अंगणात रागावले होते. मोटारीचा व मुक्कामाचा जादा खर्च नऊ जणांत सारखा वाटावा, ही सूचनाही त्यांचीच.

आता जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. एक, ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज सुमारे ५०० मीटरांहून अधिक चढवू नये, व मधूनमधून एक दिवस विसावा ठेवावा. दोन, निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उंचीच्या त्रासावरील औषध त्यांनी सांगितले तरच घ्यावे. डोकेदुखी व मळमळ ही पहिली सूचना. तोल जाणे, भ्रम होणे किंवा बसल्या जागी धाप लागणे ही अखेरची. त्या वेळी खाली उतरणे हाच उपाय. तीन, ल्हासाकडे जावयाचे तर परदेशी प्रवाशास निराळा परवाना व मार्गदर्शक लागतो. युन्नानच्या या भागास तो परवाना लागत नाही. २०२३ पासून लीजियांगहून शांग्री-लापर्यंत आगगाडीही जाते. गाडी लवकर पोचविते म्हणून मुक्काम वगळण्याचा मोह अधिक होईल, तो आवरावा. चार, तुकडीत जो सर्वांत वडील, त्याला रोज सकाळी एकट्यास गाठून विचारावे, "रात्री झोप लागली का?" चारचौघांत विचारल्यास तो "हो" असेच म्हणेल.

आपल्या मंडळाने अशी सहल काढावी अशी आमची मनापासून इच्छा आहे. आराखडा करण्याचे काम पुन्हा आम्हांवर सोपविल्यास आम्ही ते करू. मात्र त्यातील मुक्काम या वेळी आमचे ज्येष्ठ स्नेही ठरवितील. ते येणार आहेत, असे त्यांनी आजच सकाळी आम्हांस सांगितले आहे. वहिनींची संमती तेवढी मिळवावयाची आहे.