ब्रॉयलरच्या खाद्यात ओवा, लसूण, हळद

ब्रॉयलर पक्षी साधारण सहा आठवड्यांत विक्रीला येतो. एवढ्या झपाट्याच्या वाढीचा भार त्याच्या आतड्यांवर पडतो. पूर्वी वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं सर्रास मिसळत. त्यातून औषधांना न जुमानणारे जंतू बळावले. म्हणून युरोपीय संघानं २००६ मध्ये ही पद्धत बंद केली, तर भारतानं २०१९ मध्ये पशुखाद्यातल्या कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली.

आता वनस्पतींच्या अर्कांकडे लक्ष वळलंय. ओव्यातलं थायमॉल आणि लसणातलं ॲलिसिन घातक जंतूंना रोखतं. हळदीतलं कर्क्युमिन दाह कमी करतं. पण प्रमाण सांभाळा. अर्कांबरोबर शेडचीही निगा राखा. तिथं अंथरलेलं मूठभर तूस दाबून पाहा. गोळा झाला, तर ओल जास्त आहे. कोरडं तूस, स्वच्छ पाणी आणि वेळेवर लसीकरण यांना पर्याय नाही. अर्क सुरू करण्यापूर्वी पशुवैद्यकांना जरूर विचारा.