हुशार मुलांचा वर्ग : पालकांशी चार शब्द

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



तिसरी-चौथीच्या हुशार मुलांसाठी आपल्या प्राथमिक शाळेत जो जादा वर्ग चालतो, त्याविषयी बोलण्याचे काम मजकडे आले आहे. हा वर्ग सुरू झाल्यापासून रस्त्यात, मशिदीच्या पायऱ्यांवर, अगदी मटणाच्या दुकानातसुद्धा मला एकच प्रश्न विचारला जातो, "सर, आमच्या मुलाचं नाव यादीत का नाही?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्यापूर्वी माझी स्वतःची एक चूक आपल्यापुढे ठेवतो.

पहिल्या वर्षी मी यादी केली ती सरळ गुणपत्रकावरून. पहिले बारा नंबर घेतले आणि मोकळा झालो. त्याच वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसत असे. वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान. अक्षर असे की शाईत मुंगी बुडवून कागदावर सोडावी. पाढे अर्धवट. त्याचा विचारही माझ्या मनात आला नाही. पुढे एकदा माझ्या सायकलची चेन उतरली म्हणून त्या दुकानात गेलो, तर हा मुलगा म्हणतो, "सर, नऊ वेळा पॅडल फिरवलं की मागचं चाक बरोबर बावीस वेळा फिरतं. आठ वेळा फिरवलं तर खूण जागेवर येत नाही." टायरवर खडूची रेघ मारून त्याने ते मोजले होते. पुढच्या चक्राला ४४ दात, मागच्याला १८. घरी येऊन मी कागदावर मांडले. ४४ ला १८ हे गुणोत्तर म्हणजेच २२ ला ९. जे गुणोत्तर मी वरच्या वर्गांना फळ्यावर शिकवतो, ते या मुलाने दुकानाच्या ओट्यावर स्वतः शोधून काढले होते, आणि माझ्या यादीत तो नव्हता.

अशी चूक करणारा मी पहिलाच नव्हे. अमेरिकेत लुई टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली बुद्धिमान मुलांचा मोठा अभ्यास हाती घेतला. बुद्ध्यंकाच्या कसोटीवर सुमारे दीड हजार मुले निवडली. त्या चाळणीत बसली नाहीत म्हणून जी मुले बाजूला राहिली, त्यांत विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ हे दोघे होते. पुढे १९५६ आणि १९६८ साली या दोघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्यांपैकी मात्र एकालाही ते मिळाले नाही.

१९७८ साली जोसेफ रेन्झुली या शिक्षणतज्ज्ञाने एक सोपी गोष्ट मांडली. नुसती बुद्धी पुरेशी नाही. सरासरीपेक्षा बरी बुद्धी, नवे काही सुचण्याची शक्ती आणि हातात घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती, या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे प्रतिभा दिसते. म्हणून दार एकदाच उघडून बंद करू नये. मुले येत-जात राहावीत, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे पुण्यात डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी स्थापन करून बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचे काम सुरू केले. तेवढी साधने आपल्यापाशी नाहीत. पण खडू आहे आणि सायकल आहे.

आता आपल्या वर्गात चालते ते हेच. सायकलच्या चाकाचा व्यास २८ इंच असेल, तर दोरीने घेर मोजायचा. तो ८८ इंचांच्या आसपास भरतो. मग शाळेपासून बंदरापर्यंत चाक किती वेळा फिरेल याचा अंदाज करायचा, आणि खरोखर जाऊन मोजायचे. अंदाज चुकला तर का चुकला, यावर भांडायचे. (भांडणे फार होतात. शेजारच्या वर्गाच्या बाई माझ्यावर नाराज आहेत.) कोणी कोळ्यांना भरती-ओहोटीच्या वेळा विचारून तक्ता करतो, कोणी आजीकडून जुने शब्द गोळा करतो.

पुष्कळ पालकांची समजूत आहे की हा शिष्यवृत्ती परीक्षेचा क्लास आहे. तसे नाही. शिष्यवृत्तीची तयारी वेगळी होते आणि ती जरूर करावी. जवाहर नवोदय विद्यालयाची परीक्षाही मुलांना द्यायला लावा. पाचवीत असताना ती देता येते. दोन तासांत ८० प्रश्न, त्यांपैकी ४० बुद्धिमत्तेचे. उर्दूतूनही पेपर मिळतो. ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात आणि राहण्या-जेवण्याचा खर्च सरकार करते. एवढे असून आपल्या वस्तीतून अर्जच जात नाहीत, याचे मला वाईट वाटते. पण त्या परीक्षांत प्रश्न दुसरा विचारतो. आपल्या वर्गात प्रश्न मुलाने विचारायचा असतो.

त्या सायकलवाल्या मुलाला दुसऱ्या वर्षी बोलावले. चार शनिवार आला आणि बंद झाला. वडिलांना भेटलो. ते म्हणाले, "सर, शनिवारी बाजार. मी एकटा कसा पुरा पडू?" त्यांचेही खरे होते. तेव्हा वर्गच गुरुवारी नेला. एका मुलासाठी सगळ्यांची गैरसोय, असे काहींनी मला ऐकवले. तो मुलगा आता येतो. अक्षर अजून तसेच आहे.

मुलींबद्दल थोडे बोलतो. सध्या वर्गात चौदा मुले आहेत, त्यांत मुली तीन. त्यांची बुद्धी कमी म्हणून हे घडत नाही. चार वाजता घरी धाकट्याला सांभाळायचे असते, म्हणून घडते. अम्मींना माझी विनंती आहे, आठवड्यातला एक दिवस, दीड तास, धाकट्याला दुसऱ्या कोणाकडे द्या. तेही जमत नसेल, तर त्याला घेऊनच मुलीला पाठवा. मागच्या बाकावर बसेल.

यापुढे यादी गुणांवरून होणार नाही. आपल्या मुलाने घरी काय मोडून पाहिले, काय जोडले, कोणत्या प्रश्नाने आपल्याला भंडावून सोडले, ते एका चिठ्ठीवर लिहून द्या. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, मी लिहून घेतो. फी नाही. वर्ग गुरुवारी चार ते साडेपाच. मगरिबच्या अजानीपूर्वी मुले घरी पोहोचतील. सुटताना मी स्वतः फाटकाशी उभा असतो.