‘नाही’ लिहिण्याआधी

सरकारी कचेरीत नव्या नेमणुकांचे कागद माझ्या टेबलावरून जातात, म्हणून मंडळाने मला उभं केलं.

आपल्या इंदूरचाच एक मुलगा. “काका, नाव न घेता सांगा,” म्हणाला, म्हणून सांगतो. कॉलेजात असताना एका मारामारीत त्याचं नाव आलं. पुढे कोर्टात तडजोड झाली (इथे तिला ‘राजीनामा’ म्हणतात, नोकरीचा नव्हे!) आणि तो सुटला. मग सरकारी नोकरी लागली. पोलीस पडताळणीच्या फॉर्मात प्रश्न होता, आपल्यावर कधी गुन्हा नोंदला गेला का? वडील म्हणाले, “मिटलंय ना ते? ‘नाही’ लिही.” ठाण्याच्या नोंदीत प्रकरण होतंच. मारामारी राहिली बाजूला, खोटं लिहिल्याची नोटीस आली.

‘शिक्षा झाली का’ आणि ‘गुन्हा नोंदला गेला का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. निर्दोष सुटलात तरी दुसऱ्याचं उत्तर ‘हो’च. सोबत निकालाची प्रमाणित नक्कल जोडा. ती कोर्टातून मिळते. सुप्रीम कोर्टाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात हेच सांगितलं, की माहिती खरीच हवी. मात्र अगदी किरकोळ प्रकरण लपवलं गेलं असेल, तर नेमणूक करणारा ते माफ करू शकतो.

परदेशी जाणाऱ्यांचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट वेगळं. त्याचा अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर स्वतः भरता येतो, दलाल कशाला?

त्या मुलाने आता नकलेसह खुलासा दिलाय. उत्तर यायचंय.